भर दुपारचे बारा : ‘हाय नून’ची जन्मकथा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील ओसाड माळराने, तेथील गुराखी, दरोडेखोर आणि त्यांच्याशी झुंजणारे कायद्याचे रक्षक हे हॉलिवूडचे फार जुने आणि आवडते विषय होत. ‘वेस्टर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटांचा साचा बहुधा ठरलेला असे. धिप्पाड नायक, उमदा घोडा, डोंगरदऱ्यांची विशाल दृश्ये, शेवटी पिस्तुलांची चकमक आणि सज्जनांचा जयजयकार. १९५२ साली पडद्यावर आलेल्या ‘हाय नून’ या चित्रपटात यांपैकी फारच थोडे सापडते. त्याचा नायक पन्नाशीला टेकलेला आणि थकलेला आहे. त्याला भीती वाटते आणि ती तो लपवू शकत नाही. चकमक अगदी शेवटी येते आणि थोडक्यात आटोपते. त्यापूर्वीचा सारा वेळ हा माणूस गावातील एकेका दारी जाऊन मदत मागत असतो आणि एकेक दार त्याच्या तोंडावर बंद होत असते.

पंच्याऐंशी मिनिटांच्या या कृष्णधवल चित्रपटाची गणना पुढे जगातील नामवंत चित्रपटांत झाली. परंतु तो तयार होत असताना पडद्यामागे जे घडले, ते पडद्यावरील कथेहून कमी नाट्यमय नव्हते. एका माणसावर संकट आले असता भोवतालची प्रतिष्ठित माणसे कशी वागतात, हा चित्रपटाचा विषय. आणि नेमका तोच प्रश्न, चित्रीकरण चालू असतानाच, चित्रपट घडविणाऱ्या प्रत्येकापुढे येऊन उभा राहिला.

प्रथम कथा थोडक्यात पाहू. न्यू मेक्सिको प्रदेशातील हॅडलीव्हिल नावाच्या लहानशा गावी विल केन हा मार्शल, म्हणजे कायद्याचा रक्षक, आपले पद सोडून नुकताच विवाहबद्ध झाला आहे. त्याची तरुण पत्नी एमी क्वेकर पंथाची, म्हणजे कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणे पाप मानणाऱ्यांपैकी आहे. लग्न लागते न लागते तोच वार्ता येते की, केनने पूर्वी पकडून दिलेला फ्रँक मिलर हा गुंड तुरुंगातून सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट पाहत बसले आहेत. गावकरी केनला घाईघाईने गाडीत बसवून वाटेला लावतात; पण थोड्या अंतरावरून तो परत फिरतो. बारा वाजायला तासाहून थोडा अधिक अवकाश आहे. तेवढ्या वेळात त्याला सोबती गोळा करावयाचे आहेत.

ज्याने मिलरला शिक्षा ठोठावली तो न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज उतरवून, न्यायाचा तराजू पिशवीत भरून पळ काढतो. दुय्यम अधिकारी बढती न मिळाल्याच्या रागाने बिल्ला टाकून देतो. एक मित्र घरात लपून बसतो आणि बायकोकरवी ‘घरी नाहीत’ असे सांगवतो. दुसरा एक गृहस्थ मदतीला येण्याचे कबूल करतो, पण आणखी कोणीच आले नाही हे पाहताच त्याला आपली बायकोमुले आठवतात. चर्चमध्ये तर या प्रश्नावर रीतसर चर्चा होते. गावचा प्रमुख उठून केनची तोंड भरून स्तुती करतो आणि शेवटी म्हणतो की, उत्तरेकडचे धनिक या गावात पैसा गुंतविण्याच्या विचारात आहेत, रस्त्यावर गोळीबार झाला तर ते बिचकतील, तेव्हा केनने निघून जावे हेच बरे. मदत देऊ करणारे शेवटी दोघेच उरतात : एक दारूत बुडालेला एकाक्ष माणूस आणि एक चौदा वर्षांचा पोर. केन दोघांनाही परत पाठवतो.

या कथेचे लेखक कार्ल फोरमन. १९१४ साली शिकागो येथे जन्मलेले हे गृहस्थ रशियातून आलेल्या ज्यू निर्वासितांचे पुत्र. युद्धानंतर त्यांनी स्टॅन्ली क्रेमर या तरुण निर्मात्याशी भागीदारी केली. हॉलिवूडमधील मोठ्या कंपन्या ज्यांना हात लावण्यास कचरत, असे विषय थोड्या पैशात आणि थोड्या दिवसांत पडद्यावर आणावयाचे, ही या लहान कंपनीची रीत. १९४९ सालचे ‘चॅम्पियन’ आणि ‘होम ऑफ द ब्रेव्ह’, १९५० सालचा ‘द मेन’ हे चित्रपट या जोडीने दिले. ‘द मेन’मध्ये युद्धात पांगळ्या झालेल्या सैनिकांची कथा होती आणि मार्लन ब्रँडो या नटाचे पडद्यावरील पदार्पण त्यातूनच झाले. त्याचे दिग्दर्शन फ्रेड झिनेमन यांनी केले होते.

‘हाय नून’ची पहिली कल्पना फोरमन यांना सुचली ती निराळ्याच संदर्भात. आक्रमकाविरुद्ध सर्वांनी एकत्र उभे राहिले पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्त्व एखाद्या लहान गावाच्या रूपकातून मांडावे असे त्यांना वाटत होते. आराखडा तयार झाल्यावर ध्यानात आले की, जॉन कनिंगहॅम या लेखकाची ‘द टिन स्टार’ ही कथा डिसेंबर १९४७ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली असून तिच्याशी आपल्या आराखड्याचे बरेच साम्य आहे. तेव्हा त्या कथेचे हक्क विकत घेण्यात आले.

पैशाची बाजू मोठी गमतीची होती. खर्चाचा अंदाज साडेसात लाख डॉलरच्या आसपास होता. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम बेताचीच. तिच्यातील मोठा वाटा कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसच्या पाल्याची शेती करणाऱ्या ब्रूस चर्च नावाच्या धनिक शेतकऱ्याने उचलला. त्याचा आग्रह एकच, नायक गॅरी कूपर हवेत. कूपर त्या वेळी पन्नास वर्षांचे होते. त्यांच्या कीर्तीला ओहोटी लागली होती, पोटात व्रण होता, पाठ दुखत होती आणि पत्नीपासून ते वेगळे राहत होते. आपला नेहमीचा मोबदला बाजूला ठेवून थोडी रोख रक्कम आणि नफ्यातील वाटा यांवर त्यांनी काम स्वीकारले. एमीच्या भूमिकेसाठी एकवीस वर्षांची, जवळजवळ अपरिचित अशी ग्रेस केली निवडण्यात आली. गावातील पाणीदार स्वभावाची व्यापारी स्त्री हेलन रामिरेझ ही भूमिका मेक्सिकोची अभिनेत्री केटी हुरादो हिच्याकडे गेली.

दिग्दर्शक झिनेमन यांची घडण वेस्टर्न चित्रपटांची नव्हतीच. त्यांचे बालपण व्हिएन्ना येथे गेले. तेथे कायद्याचा अभ्यास करून ते पॅरिसमध्ये छायालेखन शिकले आणि १९२९ मध्ये अमेरिकेत आले. मागे राहिलेले त्यांचे आईवडील नाझींच्या ज्यू-संहारात बळी पडले; ही वार्ता त्यांना युद्ध संपल्यावर समजली. सभ्य शेजारी पाहत असता एखादा माणूस एकाकी कसा पडतो, हे या दिग्दर्शकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

झिनेमन आणि छायालेखक फ्लॉइड क्रॉसबी यांनी ठरविले की, चित्रपट दिसावयास रेखीव असता कामा नये. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मॅथ्यू ब्रेडी यांनी घेतलेली छायाचित्रे त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली. त्या काळच्या वेस्टर्न चित्रपटांत आकाश गडद करून त्यावर पांढरेशुभ्र ढग उठावदार दाखविण्याची पद्धत होती. क्रॉसबी यांनी त्यासाठी लागणाऱ्या रंगीत काचा वापरल्याच नाहीत. परिणामी आकाश रिकामे, पांढुरके आणि तापलेले दिसते. उजेड सपाट पडतो. वार्तापटात दिसावे तसे सारे उघडेबोडके दिसते. कूपर यांच्या चेहऱ्यावर रंग चढविला नाही, सुरकुत्या लपविल्या नाहीत. व्रणाच्या वेदना सोशीत काम करणाऱ्या त्या नटाचा ओढलेला चेहरा हाच केनचा चेहरा झाला.

काळाची योजनाही तितकीच काटेकोर होती. कथेतील वेळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरील वेळ जवळजवळ बरोबर चालावी अशी पटकथा बांधली गेली. कचेरीत, दारूच्या गुत्त्यात, हॉटेलात, जिकडे तिकडे घड्याळे दिसतात आणि त्यांचे काटे पुढे सरकत राहतात. झिनेमन यांनी मनाशी तीन गोष्टी पक्क्या केल्या होत्या : संकट म्हणजे क्षितिजापर्यंत गेलेले निश्चल रूळ, बळी म्हणजे काळ्या वेषात सतत फिरणारा केन आणि निकड म्हणजे घड्याळ.

पटकथा अर्धीअधिक लिहून होत आली असता, १९५१ च्या जून महिन्यात फोरमन यांच्या हाती एक सरकारी समन्स पडले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाने राष्ट्रविरोधी कारवायांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे सप्टेंबरात हजर राहण्याचा तो हुकूम होता.

ही समिती म्हणजे त्या काळचे मोठे प्रकरण. सोव्हिएत रशियाशी वाकडे आल्यावर अमेरिकेत साम्यवाद्यांविषयी संशयाचे वातावरण पसरले. १९४७ मध्ये समितीने आपली दृष्टी हॉलिवूडकडे वळविली. प्रश्नांना उत्तर देण्याचे नाकारणाऱ्या दहा लेखक-दिग्दर्शकांवर संसदेच्या अवमानाचा खटला भरण्यात आला आणि १९५० मध्ये त्यांना तुरुंगाची वाट धरावी लागली. चित्रपट कंपन्यांच्या चालकांनी तर १९४७ च्या नोव्हेंबरातच जाहीर केले होते की, अशा लोकांना यापुढे काम मिळणार नाही. हीच पुढे ‘काळी यादी’ म्हणून कुप्रसिद्ध झाली.

फोरमन आणि त्यांची पत्नी १९३० नंतरच्या दशकात साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते. मंदीचा तो काळ. बेकारी आणि फॅसिझम यांच्या विरोधात हा पक्ष उभा आहे अशा समजुतीने कित्येक तरुण त्यात शिरले होते. पुढे फोरमन पक्षाबाहेर पडले. युद्धात त्यांनी सैन्याच्या चित्रपट विभागात काम केले. सप्टेंबर १९५० मध्ये लेखक-संघाच्या कार्यकारिणीवर असताना आपण साम्यवादी नसल्याचे प्रतिज्ञापत्रही त्यांनी सही करून दिले होते आणि ते खरे होते.

मग अडचण कोणती होती? अडचण होती ती समितीच्या पद्धतीत. साक्षीदारापुढे तीन वाटा असत. पहिली, आपला पूर्वेतिहास सांगावयाचा आणि त्या वेळच्या सोबत्यांची नावेही सांगावयाची. दुसरी, भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन उत्तर नाकारावयाचे. तिचा शेवट तुरुंगात होतो, हे त्या दहा जणांनी पाहिले होते. तिसरी, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होणार नाही, या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आश्रय घ्यावयाचा. या तिसऱ्या वाटेने तुरुंग टळे, पण नोकरी जाई. शिवाय स्वतःपुरते उत्तर देऊन इतरांविषयी मौन पाळण्याची सोय नव्हती. एकदा स्वतःविषयी तोंड उघडले की पुढचे प्रश्न टाळण्याचा हक्क संपला, असा न्यायालयांचा निर्वाळा होता. बहुतेक नावे समितीला आधीच ठाऊक असत. तिला हवी असे ती शरणागती. १९५१ च्या मार्चमध्ये लॅरी पार्क्स या नटाने आपला पूर्वेतिहास मोकळेपणी सांगितला आणि मित्रांची नावे सांगावयास लावू नका म्हणून काकुळतीने विनविले. शेवटी बंद दाराआड त्याने ती सांगितली आणि तरीही त्याचे चित्रपटातील जीवन संपुष्टात आले.

समन्स हाती पडल्यावर फोरमन यांच्या पटकथेचा रोख पालटला. राष्ट्रसंघाचे रूपक मागे पडले. हॅडलीव्हिल हे हॉलिवूड झाले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले की, त्या दिवसांत मित्र, भागीदार आणि वकील यांच्याशी जी बोलणी झाली, त्यांतील कित्येक वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी पात्रांच्या तोंडी घातली गेली. चर्चमधील चर्चा, घरात लपून बसणारा मित्र, शब्द देऊन मागे सरणारा गृहस्थ, हे सारे त्यांनी आपल्या भोवतीच पाहिले होते. स्तुती करून झाल्यावर ‘तू जा’ म्हणणारा पुढारी म्हणूनच इतका खरा वाटतो. ही माणसे दुष्ट नाहीत. प्रत्येकापाशी एक समंजस कारण आहे आणि त्यातील एकही कारण सर्वस्वी खोटे नाही.

सप्टेंबर १९५१ च्या आरंभी चित्रीकरण सुरू झाले. गावाचे रस्ते बरबँक येथील कोलंबिया कंपनीच्या आवारात उभे असलेलेच वापरले. रेल्वेचा भाग उत्तर कॅलिफोर्नियातील सिएरा रेल्वेवर टिपला. सारे काम सुमारे महिन्याभरात उरकावयाचे होते. आगगाडीच्या चित्रणातील एक प्रसंग झिनेमन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. येणारे इंजिन समोरून टिपण्यासाठी ते आणि क्रॉसबी कॅमेरा घेऊन थेट रुळांवर बसले. दुरून पांढरा धूर दिसला, मग काळा. काळा धूर म्हणजे ब्रेक लागत नाहीत अशी चालकाची खूण होती. ती या दोघांना ठाऊकच नव्हती. इंजिन अगदी जवळ आले तेव्हा त्यांनी उड्या मारल्या. कॅमेऱ्याची तिवई रुळात अडकून कॅमेऱ्याचा चुराडा झाला. आतील फिल्म मात्र वाचली आणि तो तुकडा चित्रपटात समाविष्ट झाला.

चित्रीकरण ऐन रंगात असता २४ सप्टेंबर १९५१ रोजी फोरमन लॉस एंजेलिस येथे समितीपुढे उभे राहिले. गेल्या वर्षी प्रतिज्ञापत्र दिले तेव्हा आपण पक्षाचे सभासद नव्हतो, हे त्यांनी सांगितले. त्यापूर्वीच्या काळाविषयी त्यांनी पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. नाव त्यांनी कोणाचेच सांगितले नाही.

त्यानंतर कंपनीत जे घडले त्याविषयी दोन बाजू आहेत आणि दोन्ही ऐकणे न्यायाचे आहे. क्रेमर यांच्या कंपनीने नुकताच कोलंबियाशी अनेक चित्रपटांचा मोठा करार केला होता. ‘हाय नून’ हा युनायटेड आर्टिस्ट्स या जुन्या वितरकांसाठी पुरा करावयाचा अखेरचा चित्रपट होता. फोरमन राहिले तर नवा करार बुडेल आणि कंपनीतील साऱ्यांच्या पोटावर पाय येईल, अशी भागीदारांना धास्ती वाटली. फोरमन आपल्याशी मोकळेपणाने वागले नाहीत, अशीही क्रेमर यांची तक्रार होती. फोरमन यांच्या मते मात्र जवळच्या मित्राने अडचणीच्या वेळी पाठ फिरविली. त्यांना चित्रपटाच्या कामातून दूर करण्याचा प्रयत्न झाला. झिनेमन आणि कूपर यांनी त्याला हरकत घेतली. कर्जाच्या आणि करारांच्या गुंतागुंतीही होत्याच. तेव्हा चित्रीकरण संपेपर्यंत फोरमन राहिले. पटकथाकार म्हणून त्यांचे नाव पडद्यावर टिकले, पण सहनिर्माता म्हणून असलेले त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. आपला वाटा घेऊन त्यांनी कंपनी सोडली.

कूपर यांची वागणूक या साऱ्यात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ते मताने पुराणमतवादी आणि साम्यवादाचे विरोधक होते. १९४७ मध्ये ते समितीपुढे मित्रपक्षाचे साक्षीदार म्हणून स्वखुशीने गेले होते. साम्यवादी छटा असलेल्या काही संहिता आपण नाकारल्या असे त्यांनी तेथे सांगितले, पण एकीचेही नाव त्यांना आठवेना आणि कोणा माणसाचे नावही त्यांनी घेतले नाही. या कूपर यांनी फोरमन यांची बाजू घेतली, इतकेच नव्हे तर फोरमन यांच्या नव्या कंपनीत पैसे घालण्याचे जाहीरही केले. लगेच चहूकडून दडपण आले. बड्या कंपन्यांचे चालक, वृत्तपत्रांतील चित्रपटविषयक लेखिका, जॉन वेन यांच्यासारखे समव्यवसायी, सर्वांनी त्यांना बजावले की, हा हट्ट सोडला नाही तर तुमचेही नाव खराब होईल. काही दिवसांतच कूपर यांनी माघार घेतली. फोरमन यांनी त्यांना दोष दिला नाही. या गोष्टीतही केनला शब्द देऊन पुढे बायकोमुलांची आठवण झालेला तो गृहस्थ डोकावतो. फरक इतकाच की, कूपर इतरांच्या मानाने पुष्कळ अधिक पावले बरोबर चालले होते. १९५२ मध्ये फोरमन इंग्लंडला निघून गेले.

इकडे चित्रपटाचे संकलन चालले होते. त्याला आजचे स्वरूप कोणी दिले याविषयी क्रेमर, झिनेमन आणि संकलक एल्मो विल्यम्स यांच्या बाजूंनी वेगवेगळे दावे झाले आहेत. निर्विवाद आहे ते पडद्यावर. बारा वाजण्याच्या क्षणी येणारी ती चित्रमाला पाहावी : घड्याळाचा लंबक, रिकामे रूळ, गुत्त्यातील गप्प माणसे, चर्चमधील खाली गेलेल्या माना, मृत्युपत्र लिहीत बसलेला केन, मग एकदम इंजिनाची शिटी. संगीत दिमित्री टिओम्किन यांचे. युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्ग येथे शिकलेल्या या संगीतकाराने अमेरिकन गुराख्याच्या ढंगाचे एक साधे गीत रचले. शब्द नेड वॉशिंग्टन यांचे. टेक्स रिटर यांच्या आवाजातील हे गीत चित्रपटभर तुकड्यातुकड्यांनी येत राहते आणि केनच्या मनातील, त्याच्या तोंडून न निघालेले बोलणे ऐकविते. फ्रँकी लेन यांनी गायलेली त्याची ध्वनिमुद्रिका चित्रपटाआधीच बाजारात येऊन फार लोकप्रिय झाली.

१९५२ च्या उन्हाळ्यात चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो उचलून धरला. १९ मार्च १९५३ रोजी ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. ‘हाय नून’ला सात नामांकने होती, त्यांपैकी अभिनय, संकलन, पार्श्वसंगीत आणि गीत अशी चार पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मात्र सेसिल डी मिल यांच्या सर्कशीवरील चित्रपटाला गेला आणि फोरमन यांच्या पटकथेलाही पारितोषिक लाभले नाही. कूपर त्या रात्री हजर नव्हते. त्यांच्या वतीने पारितोषिक स्वीकारावयास जॉन वेन उभे राहिले आणि ही भूमिका आपल्याला कशी मिळाली नाही याची विनोदाने विचारणा करून गेले. याच वेन यांनी १९७१ सालच्या एका मुलाखतीत या चित्रपटाला राष्ट्रविरोधी ठरविले आणि फोरमन यांना देशाबाहेर घालविण्यात आपला हात होता याचा खेद वाटत नाही असे सांगितले. केन अखेरीस मार्शलचा बिल्ला पायाखाली तुडवितो, अशी त्यांची आठवण होती. प्रत्यक्षात केन तो बिल्ला मुकाट्याने धुळीत टाकतो आणि निघून जातो. हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकालाही मदतीसाठी दारोदार फिरणारा मार्शल पसंत पडला नव्हता. १९५९ मध्ये हॉक्स आणि वेन यांनी ‘रिओ ब्राव्हो’ हा चित्रपट मुद्दाम उत्तरादाखल काढला.

नंतरच्या वर्षांनी या कथेतील पात्रांचा हिशेब पुरा केला. फोरमन यांचे पारपत्र सरकारने काही वर्षे अडवून धरले. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी आणि मायकेल विल्सन या दुसऱ्या बहिष्कृत लेखकाने ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ सालच्या चित्रपटाची पटकथा लिहिली. काळ्या यादीमुळे त्यांची नावे पडद्यावर आली नाहीत. ऑस्कर मिळाले ते मूळ कादंबरीकार पिअर बूल यांना, आणि ते तर फ्रेंचमध्ये लिहिणारे होते. १९६१ मधील ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा फोरमन यांनी स्वतःच्या नावाने लिहिला व निर्माण केला. १९८४ च्या जून महिन्यात ते वारले. ‘रिव्हर क्वाय’चे पारितोषिक त्यांच्या आणि विल्सन यांच्या नावे लागले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

क्रेमर यांच्याविषयी हेही सांगितले पाहिजे की, पुढे १९५८ मध्ये ‘द डिफायंट वन्स’ या चित्रपटासाठी त्यांनी नेड्रिक यंग या काळ्या यादीतील लेखकाला काम दिले आणि टोपण नावाने लिहिलेल्या त्या पटकथेने ऑस्कर मिळविले. १९५१ च्या सप्टेंबरात जे त्यांच्या हातून झाले नाही, ते सात वर्षांनी झाले.

कूपर १९६१ मध्ये निधन पावले. पण त्यांची केनची मूर्ती फार दूर जाऊन पोचली. ४ जून १९८९ रोजी पोलंडमध्ये साम्यवादी राजवटीखाली निवडणूक झाली, तेव्हा ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीने भिंतीभिंतींवर एक भित्तिपत्रक लावले. त्यावर गॅरी कूपर चालत येताना दिसत होते. त्यांच्या हाती पिस्तुलाऐवजी मतपत्रिका होती आणि छातीवर चळवळीची खूण. चित्रपटाचे नाव आणि निवडणुकीची तारीख एवढाच मजकूर खाली होता. अमेरिकेत ज्याला साम्यवाद्यांचे कारस्थान म्हटले गेले, तो चित्रपट साम्यवादी सत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्यांच्या कामी आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात जतन करावयाच्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘हाय नून’ची निवड झाली.

आपल्या चित्रपटाला राजकीय रूपक म्हणणे झिनेमन यांना कधीच रुचले नाही. सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे निर्णय घ्यावा लागलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे, एवढेच ते म्हणत. त्यांचे म्हणणे आणि फोरमन यांचे म्हणणे यांत विरोध मानण्याचे कारण दिसत नाही. समिती कधीच इतिहासजमा झाली, काळी यादी संपली; चर्चमधील ते दृश्य मात्र आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करते. त्या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणी केनचा शत्रू नाही. त्यांच्या हाती अजून थोडा वेळ आहे, बाहेर घड्याळ चालू आहे, आणि बोलणे लांबत जाते.